छोट्या विमानाचे इंजिन का अडते?

बेळगावचे सांबरा, बारामती, धुळे, गोंदियाजवळचे बिर्सी अशा ठिकाणी वैमानिक होण्यासाठी जाणाऱ्या तरुण-तरुणींची पहिली गाठ पडते ती सेसना १७२ किंवा तशाच एखाद्या छोट्या विमानाशी. मोठ्या प्रवासी विमानांची इंजिने जेट जातीची असतात. या छोट्या विमानांपैकी बहुतेकांत मात्र पेट्रोलसारख्या इंधनावर चालणारे, हवेने थंड होणारे, समोरासमोर आडव्या बसवलेल्या चार सिलिंडरांचे इंजिन असते. सेसनात बसणाऱ्या लायकमिंग इंजिनांची मूळ रचना १९४० आणि १९५०च्या दशकांतली आहे. इंधन आणि हवेचे मिश्रण किती दाट ठेवायचे, कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचे, कार्ब्युरेटरला गरम हवा कधी द्यायची, हे सारे तेथे वैमानिकाच्या हाती असते, संगणक नसतो. त्यामुळे असे इंजिन सुरू झाले नाही किंवा चालता चालता अडले, की दोष यंत्राचा की हाताचा, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. बऱ्याच वेळा उत्तर ‘हाताचा’ असेच निघते.

इंजिनाला हवे ते तिन्ही, म्हणजे योग्य प्रमाणात इंधन, हवा आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी, मिळाले तर ते चालते. बिघाड शोधणे म्हणजे या तिघांपैकी काय कमी पडले, किंवा इंधनाच्या बाबतीत काय जास्त झाले, हे लक्षणांवरून ओळखणे. किल्ली पुन्हा पुन्हा फिरवत राहणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तरी नवशिका बहुधा तेच करतो.

प्रोपेलर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही

किल्ली फिरवूनही प्रोपेलर हलतच नसेल, तर गोष्ट विजेची आहे: बॅटरी उतरलेली, मुख्य स्विच बंद राहिलेला, सैल झालेली जोडणी किंवा नादुरुस्त स्टार्टर. येथे एकच मोह टाळायचा असतो, तो प्रोपेलर हाताने फिरवून इंजिन सुरू करण्याचा. जुन्या काळी ती सर्रास पद्धत होती. आजही ती जाणणारे लोक आहेत. परंतु शिकवणीशिवाय, चाकांना अडथळे न लावता आणि आत ब्रेक धरून बसलेला जाणकार माणूस नसताना ती करणे म्हणजे हात किंवा जीव पणाला लावणे होय.

अधिक वेळा घडते ते वेगळे. प्रोपेलर जोमाने फिरतो आणि इंजिन पेट घेत नाही. अशा वेळी प्रथम तीन साध्या गोष्टी पाहाव्यात. मिश्रणाची लाल मूठ बाहेर ओढलेली तर नाही ना, इंधनाचा निवडखटका बंद स्थितीत तर नाही ना, आणि किल्ली मॅग्नेटोच्या योग्य खुणेवर आहे ना. अनुभवी प्रशिक्षकही या तीन चुका कधी ना कधी करून बसलेले असतात.

त्यानंतर प्रश्न उरतो इंधन कमी पडले की जास्त झाले याचा. ग्वाल्हेर किंवा इंदूरच्या पौषातल्या पहाटे थंडीने गारठलेल्या इंजिनात इंधनाची वाफ नीट होत नाही. म्हणून प्रायमर नावाच्या छोट्या हातपंपाने सिलिंडरांत थोडे इंधन आधीच सोडावे लागते. कार्ब्युरेटरच्या जुन्या सेसना १७२ मध्ये थंडीत दोन ते सहा वेळा प्रायमर मारण्याची सूचना आढळते. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या ऊबदार हवेत त्याहून पुष्कळ कमी पुरते, आणि नेमका तेथेच घोटाळा होतो. थंड प्रदेशात घोटवलेली कृती उष्ण हवेत तशीच केली, की इंजिन इंधनाने तुडुंब होते. उग्र वास, एक्झॉस्टमधून निघणारा काळा धूर, काउलिंगखाली टपकणारे थेंब ही त्याची चिन्हे. उपाय सोपा असतो: मिश्रण पूर्ण बंद, थ्रॉटल पूर्ण उघडे आणि मग स्टार्टर. भरपूर हवा आत येते, जादा इंधन बाहेर फेकले जाते आणि प्रमाण जमले की इंजिन पेट घेते. त्या क्षणी थ्रॉटल झटकन मागे घेऊन मिश्रण पुढे करावे लागते.

थ्रॉटल पुढेमागे करून ‘पंप’ मारण्याची सवय काहींना असते. ती धोक्याची आहे. लायकमिंगमध्ये कार्ब्युरेटर इंजिनाच्या पोटाखाली असतो. त्यामुळे असे सोडलेले इंधन सिलिंडरांत जाण्याऐवजी खाली हवेच्या पेटीत साचते आणि इंजिन उलटे भडकले, तर तेथेच आग लागते. सुरू करताना आग लागलीच, तर स्टार्टर थांबवायचा नसतो. प्रोपेलर फिरता ठेवला तर ज्वाळा आणि इंधन दोन्ही सिलिंडरांत ओढले जातात. इंजिन सुरू झाले तर त्याला थोडा वेळ चालू देऊन मग बंद करायचे. सुरू झाले नाही, तर इंधन तोडून, स्विच बंद करून, अग्निशामक घेऊन बाहेर पडायचे. आग दिसताच किल्लीवरून हात काढणे ही माणसाची उपजत प्रतिक्रिया आहे, म्हणूनच हा क्रम आधी घोकून ठेवावा लागतो.

स्टार्टरलाही मर्यादा आहे. इंधन फवारणीच्या सेसना १७२ एस या प्रकारात एका वेळी १० सेकंद, मग २० सेकंद विश्रांती, असे आणखी दोनदा करून मग १० मिनिटे थांबावे, असे त्याचे माहितीपुस्तक सांगते. इंजिन सुरू झाल्यावर साधारण ३० सेकंदांत तेलाचा दाब दिसला नाही, तर ते लगेच बंद करायचे असते.

दुपारची आडमुठी वेळ

फवारणीच्या इंजिनांचे एक वेगळे दुखणे आहे, आणि आपल्या देशाच्या हवेत ते वारंवार भेटते. विमान उतरते, इंजिन बंद होते, अर्ध्या तासाने पुन्हा निघायचे असते आणि इंजिन काही केल्या सुरू होत नाही. सकाळी याच इंजिनाची काही तक्रार नव्हती. कारण असे, की इंजिन बंद होताच त्याला थंड ठेवणारा वारा थांबतो, पण तापलेल्या सिलिंडरांची उष्णता काउलिंगखाली कोंडून राहते. सिलिंडरांच्या माथ्यावरून जाणाऱ्या बारीक नळ्यांतले इंधन उकळते आणि त्याची वाफ होते. पंप द्रव ढकलण्यासाठी असतो. वाफेपुढे त्याचे चालत नाही.

म्हणून गरम इंजिनासाठी वेगळी कृती दिलेली असते. सर्वसाधारणपणे मिश्रण बंद ठेवून, थ्रॉटल किंचित उघडून स्टार्टर द्यायचा आणि इंजिनाने पेट घेतला की मिश्रण हळूहळू पुढे करायचे. प्रत्येक विमानाचे पुस्तक काय सांगते तेच अंतिम. पण त्यामागची कल्पना समजली असेल, तर कृती लक्षात राहते. उतरल्यावर विमान वाऱ्याकडे तोंड करून सावलीत लावणे आणि तेलाची छोटी झडप उघडी ठेवून उष्णता बाहेर जाऊ देणे यानेही पुष्कळ फरक पडतो.

रोटॅक्स ९१२ हे हलक्या क्रीडाविमानांतले इंजिन मात्र या साऱ्यात वेगळे. त्याची ठिणगी इलेक्ट्रॉनिक असते आणि इंजिन एका ठरावीक वेगाने फिरल्याखेरीज ती पडतच नाही. प्रोपेलर फिरताना दिसतो, म्हणून वैमानिक इंधनाकडे पाहत राहतो. खरा दोष अशक्त झालेल्या बॅटरीत असतो.

मॅग्नेटो

सेसनाच्या इंजिनात ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. इंजिनाच्याच गतीने फिरणारे दोन मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरात दोन स्पार्क प्लग, अशी दुहेरी सोय असते. संपूर्ण वीजव्यवस्था बंद पडली तरी इंजिन चालत राहते. उड्डाणापूर्वी एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतात. १७२ एसमध्ये ही तपासणी १,८०० फेऱ्यांवर होते. फेऱ्यांतली घट १५० पेक्षा आणि दोन्हींतला फरक ५० पेक्षा अधिक असू नये. घट जास्त आणि इंजिन थरथरत असेल, तर बहुधा एखादा प्लग काजळीने किंवा शिशाने माखलेला असतो, कारण जमिनीवर दाट मिश्रणावर मंद चालणाऱ्या इंजिनात शिसे साचत जाते. मिश्रण पातळ करून, फेऱ्या वाढवून थोडा वेळ चालवले तर ते बऱ्याचदा जळून जाते. तपासणी पुन्हा करावी. तरीही थरथर राहिली, तर विमान परत तळावर न्यावे.

घट अजिबात न दिसणे हे अनेकांना शुभलक्षण वाटते. ते तसे नाही. किल्ली बंद करते तेव्हा ती मॅग्नेटोला विमानाच्या धातूच्या सांगाड्याशी जोडून निष्प्रभ करते. जोडणारी ती तार तुटली असेल, तर किल्ली ‘बंद’वर असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. अशा विमानाचा प्रोपेलर कोणी सहज हाताने ढकलला आणि सिलिंडरात थोडे इंधन उरलेले असले, तर इंजिन एक फटका मारू शकते. म्हणूनच विमानतळावर उभ्या विमानाच्या प्रोपेलरच्या फेऱ्याच्या कक्षेत विनाकारण उभे न राहण्याचा दंडक असतो. दर्शकांनी, विशेषतः मुलांना घेऊन आलेल्यांनी, तो जरूर पाळावा.

टाकीतले पाणी, टाकीतले रॉकेल

विमानाच्या पेट्रोलचे वजन लिटरला सुमारे ७२० ग्रॅम. पाणी त्याहून जड, म्हणून ते टाकीच्या तळाशी बसते, आणि इंजिनाकडे जाणारी वाटही तळाशीच असते. प्रत्येक दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी आणि इंधन भरल्यावर तळाच्या झडपांतून पारदर्शक पेल्यात थोडे इंधन काढून पाहतात ते यासाठीच. १७२ एसमध्ये अशा १३ झडपा आहेत: प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. पावसात भिजत, तेराही ठिकाणी वाकून पेला धरणे कंटाळवाणे असते हे खरे. पण कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या विमानात पाणी शिरण्याचा संभव सर्वाधिक असतो तो पंखावरच्या झाकणांतून. त्यांच्या रबरी कड्या उन्हाने कडक होतात, चिरतात आणि रात्रभराच्या सरींचे पाणी थेंबाथेंबाने आत जाते. झाकण नीट बसले नसेल, तर दुसराही अपाय होतो: उडताना पंखावरील हवेचा दाब कमी असतो आणि इंधन वर शोषले जाऊन बाहेर उडते.

पेल्यात पाणी दिसते कसे, याबाबत एक फसगत सांगण्यासारखी आहे. थोडे पाणी असेल, तर तळाशी स्पष्ट थर किंवा बुडबुडे दिसतात. पण पेला निव्वळ पाण्यानेच भरला, तर थर दिसत नाही. द्रव एकजिनसी आणि स्वच्छ दिसतो आणि घाईतला माणूस तो ‘स्वच्छ’ म्हणून ओतून देतो. म्हणून रंग पाहायचा. १०० एलएल या नावाचे विमानाचे पेट्रोल निळे असते. पेल्यामागे पांढरे काही धरून निळी छटा दिसते की नाही हे पाहावे आणि वासही घ्यावा.

रंगाची हीच तपासणी आणखी भयंकर चूक पकडू शकते, ती म्हणजे पेट्रोलच्या जागी जेट इंधन भरण्याची. जेट इंधन हे रॉकेलच्याच कुळातले. ते भरले तरी नळ्यांत आणि गाळणीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन छान सुरू होते, धावपट्टीपर्यंत जाते, तपासणीतूनही पार पडते. आणि विमान जमिनीपासून थोडे वर गेले की घात होतो. अमेरिकेचे विख्यात वैमानिक बॉब हूवर यांच्या दोन इंजिनांच्या विमानात असेच जेट इंधन भरले गेले आणि उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिने बंद पडली. हूवर यांनी विमान खाली आणले आणि सर्वांचे प्राण वाचले. इंधन भरणाऱ्या तरुणावर ते संतापले नाहीत. दुसऱ्या दिवशी आपले विमान त्यानेच सज्ज करावे, असे त्यांनी सांगितले. पुढे जेट इंधनाच्या नळाला रुंद, चपटे तोंड देण्याची जी व्यवस्था आली, तिला हूवर यांचे नाव आहे. पेट्रोलच्या टाकीच्या अरुंद तोंडात तो नळ जातच नाही. तरीही कॅनमधून किंवा जुन्या नळातून चूक होऊ शकते. शंका असल्यास पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकावा: पेट्रोल उडून जाते, रॉकेलच्या जातीचे इंधन तेलकट डाग मागे ठेवते.

मोटारीचे पेट्रोल वापरण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे, कारण विमानाचे पेट्रोल महाग आणि दुर्मीळ असते. २०२२ सालापर्यंत भारत ते आयात करीत असे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत बनवलेले १०० एलएल आणले. पण भारतीय पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते, जुन्या रबरी नळ्या आणि कड्या खराब करते. रोटॅक्ससारखी काही इंजिने ठरावीक मर्यादेपर्यंत इथेनॉल चालवून घेतात. पण तीही २० टक्क्यांइतके नव्हे, आणि सेसनातल्या इंजिनांना तर ते वर्ज्यच आहे.

टाकीतून इंधन बाहेर येते, तसे तिच्यात हवा शिरावी लागते. त्यासाठी पंखाखाली एक छोटी नळी असते, आणि मातीचे घर बांधणाऱ्या कुंभारीण माशीला अशा नळ्या फार आवडतात. नळी बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि अर्धी टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहते. पावसाळ्यात काही दिवस उभ्या राहिलेल्या विमानाच्या नळ्या म्हणूनच बोट लावून पाहतात.

उन्हाळ्यातला बर्फ

कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होतो हे प्रथम ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही, कारण बाहेर ३० अंश तापमान असते. पण अरुंद गळ्यातून वेगाने जाणारी हवा आणि तेथेच वाफ होणारे इंधन मिळून तापमान २० अंशांनी, कधी त्याहूनही अधिक उतरवतात. हवा दमट असेल, तर थ्रॉटलच्या पाकळीवर बर्फ साचू लागतो आणि हवेची वाट अरुंद होते. २१ अंशांखालचे तापमान आणि ८० टक्क्यांवरची आर्द्रता हा सर्वांत धोक्याचा पट्टा. पण ३८ अंशांपर्यंत आणि ५० टक्के आर्द्रतेतही तो होऊ शकतो. समुद्रकाठची हवा या व्याख्येत वर्षातले कितीतरी दिवस बसते. त्यातही उतरण्याच्या तयारीत थ्रॉटल मागे घेतलेले असते तेव्हा धोका वाढतो. कॉन्टिनेंटल इंजिनांत कार्ब्युरेटर इंजिनाच्या ऊबेपासून दूर असतो, म्हणून त्यांत हे अधिक. लायकमिंगमध्ये तेलाच्या तबकाची ऊब थोडी मदत करते, पण पुरेशी नव्हे.

चिन्ह असे: स्थिर पात्यांच्या प्रोपेलरवर फेऱ्या हळूहळू, कोणी न हलवता, कमी होऊ लागतात. पहिल्यांदा वैमानिक थ्रॉटल थोडे पुढे करतो आणि विसरून जातो. त्याने करायचे ते म्हणजे गरम हवेची मूठ पूर्ण ओढणे. येथे पुष्कळजण फसतात. मूठ ओढताच इंजिन सुधारत नाही, उलट बिघडते. गरम हवा विरळ असते म्हणून फेऱ्या आणखी उतरतात, आणि वितळलेला बर्फ पाणी होऊन सिलिंडरांत जाताना इंजिन खोकते, थरथरते. घाबरून मूठ परत ढकलली, की बर्फ जेथे होता तेथेच राहतो. अर्धा मिनिट, क्वचित त्याहून अधिक, धीर धरला तर फेऱ्या वर येतात, आणि मूळपेक्षा वर येतात. उपाय लागू पडल्याचे हेच लक्षण. उशीर झाला तर गरम हवाच मिळेनाशी होते, कारण ती एक्झॉस्टच्या उष्णतेतून येते आणि बंद पडलेल्या इंजिनाचा एक्झॉस्ट लवकरच थंड होतो.

इंधन आहे, पण इंजिनापर्यंत नाही

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरेजवळ समुद्रात एक छोटे घरगुती बांधणीचे लाँग-ईझी विमान कोसळले. वैमानिक होते प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर. विमान त्यांनी नुकतेच घेतले होते. त्याचा इंधनाचा निवडखटका मूळ आराखड्यानुसार पायांजवळ असण्याऐवजी डाव्या खांद्यामागे बसवलेला होता. तो फिरवण्यासाठी वळून हात मागे न्यावा लागे. उड्डाणापूर्वी तंत्रज्ञाच्या मदतीने पकड लावून खटक्याचा दांडा लांबवण्याचा प्रयत्न झाला, पण तो जमला नाही. इंधन भरून देण्याची विचारणा झाली, तीही त्यांनी नाकारली, कारण उड्डाण तासाभराचेच होते. अमेरिकी तपास यंत्रणेच्या निष्कर्षानुसार टाकी बदलण्यासाठी वळताना त्यांचे लक्ष विचलित झाले आणि विमान ताब्याबाहेर गेले. इंधनाचे अपुरे नियोजन आणि खटक्याची गैरसोयीची जागा ही त्यातली कारणे नोंदली गेली.

तोटीची जागा आणि सवय यांचा संबंध इतका निकटचा असतो. सेसनाच्या उंच पंखांतून इंधन गुरुत्वाने खाली येते आणि ‘दोन्ही’ अशी खूण खटक्यावर असते. पायपरसारख्या खालच्या पंखांच्या विमानांत ती सोय नसते. वैमानिकाला डावी-उजवी टाकी स्वतः आलटूनपालटून बदलावी लागते, आणि इंधन वर चढवण्यासाठी पंप लागतो. एका प्रकारावर शिकलेला माणूस दुसऱ्यावर गेला, की एक टाकी रिकामी होऊन दुसरी भरलेली असतानाच इंजिन गप्प होण्याचे प्रसंग घडतात.

इंधनमापकाच्या काट्यावर विसंबणे हेही तसेच. टाकी उघडून मापपट्टीने पाहावे आणि पट्टीवर विश्वास ठेवावा. अमेरिकेच्या नियमांनुसार दृश्य उड्डाणात दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांचे राखीव इंधन लागते. अनुभवी माणसे तासाभराचे ठेवतात.

हवेत इंजिन बंद पडलेच तर क्रम ठरलेला असतो. आधी विमानाचा वेग सांभाळायचा. १७२ एसमध्ये सर्वांत लांब तरंगण्याचा वेग ६८ नॉट आहे. मग उतरण्याची जागा हेरायची, आणि नंतरच हात फिरवायचा: निवडखटका दुसऱ्या टाकीवर किंवा ‘दोन्ही’वर, मिश्रण दाट, पंप चालू, कार्ब्युरेटर असल्यास गरम हवा, मॅग्नेटो दोन्ही. उड्डाणानंतर लगेच, कमी उंचीवर हे घडले, तर शोधाशोध करण्याएवढा वेळ नसतो. नाक खाली करून समोरच्या मोकळ्या जागेकडेच जायचे असते. मागे वळून धावपट्टी गाठण्याच्या प्रयत्नात अनेकांनी प्राण गमावले आहेत.

इंजिन हवेत अडले आणि आपोआप पुन्हा चालू झाले, तर ते विमान तसेच पुढच्या उड्डाणाला देऊ नये. नोंदवहीत केवळ ‘इंजिन खडबडले’ असे लिहिल्याने तंत्रज्ञाला फारसा उपयोग होत नाही. उंची, बाहेरचे तापमान, कोणत्या टाकीवर होते, थ्रॉटल व मिश्रण कोठे होते, फेऱ्या एकदम उतरल्या की सावकाश, आणि कोणती मूठ हलवल्यावर सुधारणा दिसली, इतके लिहिले असेल, तर दोष शोधणारा माणूस तासाभराऐवजी दहा मिनिटांत योग्य नळीपाशी पोहोचतो.